हरकत नाही

सिग्नल लाल नसता तर लशीच्या चाचणीचा हिशेब ठेवणाऱ्या आकडेवाल्याने ते कदाचित सांगितलंही नसतं. एरवी गाडीत बसला की तो मोबाइलमध्ये मान घालायचा तो उतरेपर्यंत वर काढायचा नाही. पण सिग्नल लांबला, मोबाइलची बॅटरी संपली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं राहिलंच. ती आपली आतड्याची केस होती ना, जिच्यावरून एवढं रामायण झालं? ती पाण्याची निघाली."

"कुठली केस?" तिने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं, की आपल्याला माहीत आहे.

"अहो, तीच. काल कोड उघडले ना. त्या बाळाला लस गेलीच नव्हती. नुसतं गोड पाणी." तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्याच्यापुढे एक कोरा रकाना भरला गेला होता, एवढंच. मागे हॉर्न वाजायला लागले. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. एक स्कूटरवाला काचेजवळून जाताना ओरडला, "बाई, घरी जाऊन झोपा!" तिने गिअर टाकला, गाडी आचके देत बंद पडली, आणि पुन्हा सुरू करताना तिच्या हाताला किल्ली सापडेना. किल्ली जागेवरच होती.

नुसतं गोड पाणी. ते गोड होतं हे तिला माहीत होतं, कारण काम सुरू व्हायच्या आधी तिने दोन्ही चाखून बघितली होती. लसही गोड आणि पाणीही गोड, दोन्हींचा रंग फिकट गुलाबी, दोन्ही सारख्याच इवल्या नळ्यांत. जुलाबांनी बाळं मारणाऱ्या त्या विषाणूवरची ही तोंडातून द्यायची लस. ती सुरक्षित आहे का आणि ती दिल्यावर बाळाच्या रक्तात त्या विषाणूशी लढायची ताकद येते का, हे तपासायचं होतं. म्हणून निम्म्या बाळांना लस आणि निम्म्यांना पाणी. कुणाला काय गेलं ते आईला ठाऊक नाही, पाजणाऱ्याला नाही, तिला स्वतःलाही नाही. सगळं संपेपर्यंत कोड कुलपात. तिला ही पद्धत फार आवडायची. ह्यात कुणाचा लाडका नाही, कुणाचा दोडका नाही, असं ती नव्या डॉक्टरांना सांगायची. जिथे आंधळेपणाने एवढा चोख न्याय होतो, असं दुसरं काही तिला आयुष्यात भेटलं नव्हतं. नवरा तिला चिडवायचा, "तुला माणसांपेक्षा नियम बरे वाटतात, कारण ते उलट बोलत नाहीत." ती म्हणायची, "नियम माणसांसाठीच असतात." आणि तसं तिला खरोखरच वाटत होतं.

ते बाळ आलं तेव्हा दुपार होती. त्याची आई घरी बसून कपडे शिवायची. वस्तीत सगळे तिला शिवणवालीच म्हणत. तिच्या खांद्यावर तेव्हाही मोजपट्टी लटकत होती, काढायचं भानच राहिलं नव्हतं. "रडतंय आणि मग एकदम गप्प होतंय," ती म्हणाली. "गप्प झालं की जास्त भीती वाटते." बाळ गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायचं, चेहरा पांढराफटक पडायचा, आणि मग कुणीतरी बटण बंद केल्यासारखं ते सैल पडायचं. दुपट्यावर लाल शेंबडासारखी शी. तिने बाळाच्या पोटावर हात ठेवला तर उजवीकडे बोटांखाली लांबट गोळा लागला. आतड्यात आतडं शिरलं होतं. पुस्तकात हजारदा वाचलेलं, पण बोटांना पहिल्यांदा कळलेलं. तो गोळा हाताला लागला आणि तिच्या मनात आधी बाळ आलं नाही, लस आली. ह्याच आजारापायी पूर्वी एक लस बाजारातून काढून घेतली होती, हे तिच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. दुसऱ्याच क्षणी तिने बाळाला उचललं आणि ती सर्जनकडे धावली, हे खरं. पण आधी काय आलं, तेही खरं.

बाळ वाचलं. सर्जनने पोट उघडलं, आतडं हलक्या हाताने मागे सारलं, शिवलं. थोड्याच दिवसांत ते पाळण्याच्या कठड्याला लाथा मारत हसत होतं. पण बाळ वाचल्याची बातमी होत नाही. तिने त्याच दिवशी वर कळवलं आणि आपल्या केंद्रावरचं पाजणं थांबवलं. मोठे सर, म्हणजे सगळ्या कामाचे प्रमुख, तिला खोलीत बोलावून म्हणाले, "थोडं थांब. आतडं अडकतं, लस नसतानाही अडकतं. हे पाण्यातलं बाळ असलं तर?"

"असेलही सर. आणि नसलं तर?"

"तू थांबवलंस की लोक एवढंच बघतील, की थांबवलं."

"सर, नियमात थांबवायचं म्हटलंय."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. माणूस हरला की जसं म्हणतो तसं म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी पेपरात आलं, 'गरिबांच्या बाळांवर प्रयोग?' प्रश्नचिन्ह टाकून काहीही छापता येतं. शिवणवाली दारोदार फिरली. पोराचं पोट उघडं करून टाके दाखवायची आणि म्हणायची, "बघा गं बायांनो, मला म्हणाले होते गोड आहे." तिला कोण काय म्हणणार? ती आई होती आणि टाके खोटे नव्हते. ज्या गल्लीत बायका पोरं कडेवर घेऊन पाजण्याच्या दिवशी रांगा लावत, तिथे कडीचा आवाज आला की आतून दुसरी कडी लागायला लागली.

लांबच्या शहरात एक स्वतंत्र समिती होती. कोड बघायचा अधिकार फक्त त्या समितीला. त्यांनी बघितलं आणि निरोप धाडला: काम चालू ठेवायला हरकत नाही. एवढंच. का हरकत नाही ते सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर सगळाच खेळ बिघडला असता. तिने तो निरोप वाचला आणि तिला वाटलं, की समितीने जोखीम तोलली, नफा-तोटा बघितला आणि हो म्हटलं. आज गाडीत, उजवीकडे वळताना, तिला त्या दोन शब्दांचा अर्थ कळत होता. त्यांना तेव्हाच माहीत होतं. तिच्या सगळ्या धडधडीचं उत्तर 'पाणी' असं होतं आणि ते उत्तर एका कपाटात नीट घडी करून ठेवलेलं होतं. पुढे सरकारी परवानगीची फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कुणालाच घाई नव्हती. थांबवायला एक दुपार पुरली होती. सुरू करायला उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हवेत गारवा आला.

आणि ह्या सगळ्या काळात ड्रॉपवाली घरोघर फिरत होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण वस्तीत आणि केंद्रावरही ती ड्रॉपवालीच. घरोघर जाऊन बाळांची नोंद घ्यायची, आयांना समजवायचं, आणलेलं बाळ पाजेपर्यंत हसवायचं, हे तिचं काम. तिच्याइतकी गोड थाप कुणालाच मारता यायची नाही. रक्त घ्यायच्या सुईला घाबरणाऱ्या आईला सांगायची, "अगं, तुझ्या नवऱ्यापेक्षा कमीच टोचते." त्या दिवसांत लोक तिला दारातूनच घालवायचे, एकीने तर अंगावर खरकटं पाणी टाकलं, तरी ती दुसऱ्या दिवशी त्याच दारात. कारण तिला खात्री होती. म्हणायची, "मॅडम, माझ्या लेकीला मुलगी झालीय. पुन्हा सुरू झालं की पहिली माझी नात. लोकांना दिसू दे, ड्रॉपवालीने स्वतःच्या घरात पाजलं."

सुरू झालं त्या सकाळी ती खरंच पहिली आली. केंद्राचं कुलूप तिनेच काढलं. मागे लेक, लेकीच्या हातात गुंडाळलेली नात. डोक्यावर एवढं जावळ, की टोपी घसरायची. तारखा तपासल्या, आणि वय उलटलेलं होतं. पहिला डोस अमुक वयाच्या आत द्यायचा, त्यापुढे नाही. कारण वय वाढलं की तोच धोका, आतड्यात आतडं शिरण्याचा, वाढू शकतो. अगदी थोडक्यात हुकत होतं. ड्रॉपवालीने लेकीला बाहेर बसवलं, दार लोटून घेतलं.

"मॅडम, जन्मतारीख मीच लिहिते. जरा पुढची लिहिली तर कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, ताई."

"घरचंच बाळ आहे हो."

"म्हणूनच नको. उद्या काही झालं तर? तुम्हीच म्हणाल, मॅडमनी नियम का मोडला."

ड्रॉपवाली हसली, नेहमीसारखी. "खरं आहे," म्हणाली, आणि बाहेर जाऊन लेकीला काहीतरी विनोद करून सांगितलं, कारण लेकही हसली. संध्याकाळी घरी भाजी चिरता चिरता तिने नवऱ्याला आपण कसं नाही म्हटलं ते सांगितलं होतं. 'मी बघतेय ना' हे वाक्य तिने त्याला दोनदा ऐकवलं. "शाब्बास," तो म्हणाला होता. आता तिला तो शाब्बास आठवला आणि चिरलेल्या कांद्याचा वास आठवला.

"मॅडम, कार्यक्रमाचा हॉल मागे राहिला," आकडेवाला म्हणाला. तिने पुढच्या चौकातून गाडी वळवली.

थंडीत जुलाबांची साथ आली, दरवर्षी येते तशी. लेक तेव्हा सासरी होती. ड्रॉपवालीने मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या धाडल्या, फोनवरून सांगत राहिली, चमच्या-चमच्याने पाज, उलटी झाली तरी पाज. पण ते पोर चमचाही ठेवेना. जावई म्हणाला, सकाळी नेऊ. सकाळी आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ती नात केंद्रावर, तिच्या तपासणीच्या टेबलावर पोचली तेव्हा टाळू खोलगट झाली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. रक्तात पाणी उरलं नाही की शिरा आत पळतात. तिने हातावर शोधली, पायावर शोधली, मग जावळ भादरून डोक्यावर शोधली. तिच्या बोटांना सहसा शीर चुकत नसे. शेवटी सापडली, पण तोवर पोरीने शोधायची गरज ठेवली नव्हती. नंतर तिने दुपट्यावरचा नमुना तपासायला पाठवला. कुणीही सांगितलं नव्हतं. खात्री करून घ्यायची सवय. तोच विषाणू होता.

नातीचे दिवस झाल्यावर ड्रॉपवाली कामावर आली. बूट काढले, हात धुतले, आणि कुणी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, "तुम्ही बरोबरच केलंत, मॅडम. नियम म्हणजे नियम." त्यात टोमणा होता का, हे ती पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिली. आवाज आठवायची, चेहरा आठवायची. टोमणा सापडायचा नाही. सापडला असता तर सोपं गेलं असतं.

आणि गाडी उभी करताना डोक्यात हिशेब सुरू झाला, तो कुणी सुरू केला नव्हता. समजा तिने थांबवलं नसतं. नात वेळेत आली असती. तरी अर्धी शक्यता पाण्याची. आणि लस गेली असती तरी? काल कोड उघडल्यावर ह्या वस्तीतल्या लस मिळालेल्या बाळांपैकी निम्म्यांच्याच रक्तात ताकद उतरलेली दिसली होती. सुखवस्तू मुलखांत हीच लस जवळपास सगळ्यांना लागू पडते. इथे का नाही? आईच्या दुधामुळे, आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंमुळे, पोट कधी नीट भरलेलं नसतं म्हणून. कुणी काय म्हणतं, कुणी काय. म्हणजे अर्ध्याचं अर्धं. तिने आकडेवाल्याला विचारलंच, जणू दुसऱ्याच कुणाचं विचारतेय. तो म्हणाला, "वाचली असती असं म्हणता येणार नाही. रुपयात चार आणे, मॅडम." त्याला तिचं समाधान करायचं होतं. चार आणे. त्या चार आण्यांत जावळ होतं, घसरणारी टोपी होती, आणि शाळेत जायच्या वयाची एक मुलगी होती.

हॉलमध्ये निकाल सांगायचा कार्यक्रम होता. आयांना बोलावलं होतं. तेव्हाची बाळं आता खुर्च्यांखालून पळत होती. चहाचे कागदी कप, बिस्किटांचे पुडे, माइकची खरखर. शिवणवाली पुढच्याच रांगेत होती, तिचा मुलगा दांडगट, लालबुंद गालांचा. शेजारणीने काही विचारलं तशी तिने सवयीने त्याचा शर्ट वर केला आणि टाक्यांचे वण दाखवले. मुलगाही पोट फुगवून उभा राहिला, बक्षीस दाखवल्यासारखा. मागच्या भिंतीशी ड्रॉपवाली उभी होती, खांद्यावर दीडेक महिन्याचं बाळ. लेकीला दुसरा झाला होता. लेक बाजूला बसून चहा पीत होती.

"ताई, जरा आत येता?"

आत, पूर्वी लशी ठेवायच्या त्या खोलीत, फ्रिज बंद करून दार उघडं ठेवलं होतं, वास येऊ नये म्हणून. ड्रॉपवालीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सांगावं की नाही, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. खरं आहे, म्हणजे सांगायचं. एवढा सरळ रस्ता होता, की त्यावर थांबून विचार करायला जागाच नव्हती.

"शिवणवालीच्या मुलाला लस गेली नव्हती, ताई. पाणी होतं. काल कळलं. त्याचं आतडं आपोआपच अडकलं होतं. मी थांबवलं ते… लशीत काही दोष नव्हता."

ड्रॉपवाली बाळाच्या पाठीवर थोपटत होती. थोपटणं थांबलं नाही, पण त्याचा ठेका चुकला. "म्हणजे उगाच," ती म्हणाली.

"उगाच नाही म्हणता येणार. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा थांबवणंच—"

"बरोबर होतं. हो. ते मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं." तिने मान वर केली. "आणि आता हे मला कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून. तुमचा हक्क आहे."

"हक्क!" ड्रॉपवाली हसली, पण हे हसू नेहमीचं नव्हतं. "मॅडम, मी मनाशी ठरवलं होतं, की ती लस वाईट होती. माझ्या नातीला मिळाली नाही हेच बरं झालं, मिळाली असती तर तिचंही पोट फाडावं लागलं असतं. दारोदार मी उलटं सांगत फिरायचे, लस चांगली आहे, घ्या. आणि घरी आल्यावर स्वतःला हे सांगायचे. त्यावर इतके दिवस काढले. तेवढं एक होतं माझ्याकडे, तेही काढून घेतलंत." बाळ कुरकुरलं. "तिलाही सांगणार असाल. शिवणवालीला."

"सगळ्यांनाच सांगावं लागतं. कुणाला काय गेलं ते."

"म्हणजे ती संध्याकाळी माझ्या दारात येऊन रडणार. माझ्यामुळे लोकांनी दारं लावली, म्हणणार. नातीच्या वेळी तिनेच आमच्याकडे पंधरा दिवस स्वैपाक करून आणला. आता तिची समजूत मी काढायची." ड्रॉपवालीने बाळाचं तोंड पुसलं. "तुमचं बरं असतं, मॅडम. तुम्ही खरं बोलता आणि गाडीत बसता."

तेवढ्यात बाहेर तिचं नाव पुकारलं आणि ती गेली. माइकसमोर उभी राहिली, सगळं नीट सांगितलं: लस सुरक्षित आहे, आपल्या वस्तीत निम्म्या बाळांच्या तरी रक्तात त्या जीवघेण्या जुलाबाशी लढायची ताकद येते, हे तुम्हा सगळ्यांमुळे कळलं. प्रत्येक शब्द खरा. टाळ्या पडल्या. मग लेक उभी राहिली, ड्रॉपवालीची. तिला आतलं काहीच माहीत नव्हतं. "मॅडम, माझ्या ह्या बाळाला आजच देता का? ह्याचं वय बसतंय. मी मोजूनच आलेय."

हॉल हसला, लेकही हसली. मोठे सर पुढे झाले आणि म्हणाले, की चाचणी आता संपलेली आहे, शिल्लक डोस परत गेले, सरकारी मान्यता मिळाली की लस सगळ्यांना मिळेल, प्रक्रिया सुरू आहे. "कधी?" लेकीने विचारलं. "लवकरच. वर्ष-दोन वर्षं," सर म्हणाले. लेकीने मान डोलावली आणि खाली बसली. बसल्यावर तिला वर्ष-दोन वर्षं म्हणजे काय ते कळलं असावं, कारण तिने वळून आईकडे पाहिलं.

पांगापांग झाली तेव्हा तिने ड्रॉपवालीला दारात गाठलं. "ताई, बाहेर दुसऱ्या कंपनीची लस मिळते. खासगी दवाखान्यांत. मी उद्या घेऊन येते, बाळासाठी." बोलता बोलता तिला जाणवलं, की ती तेव्हाही मिळत होती. वय उलटायच्या आधी. ते तिच्या मनात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी नियमात कुठेतरी ते बसलं नसतं. ड्रॉपवालीच्याही ते मनात आलं असावं.

"आणा," ती म्हणाली. मग बाळाची टोपी सारखी करत, "म्हणजे पाठवा. तुम्ही येऊ नका. कुणाच्या तरी हाती धाडा. पाजायला मला येतं."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डब्यात बर्फ भरला, लशीची नळी मधोमध ठेवली, झाकण दोनदा दाबून बघितलं आणि डबा आकडेवाल्याकडे दिला. तो दुपारी रिकामा डबा घेऊन परत आला.

"काही म्हणाली?"

"नाही. पाजली माझ्यासमोर. थोडं थुंकलं त्याने, बाकी गिळलं." तो डबा टेबलावर ठेवून आपल्या कामाला लागला.

तिने डब्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. लागू पडली की नाही ते कळायला बाळाचं रक्त घ्यावं लागतं. आता ते कुणी घेणार नव्हतं.